आधी नाव लावा

वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर १९७९ पासून एकच नाव होतं, बाबांचं, आणि त्याच्यामागे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं. लहानपणी मला ती बाबांची डिग्री वाटायची. एकत्र कुटुंब मॅनेजर, हा अर्थ बँकेत नोकरीला लागल्यावर कळला. त्या मॅनेजरच्या हाताखाली नेमकं कोण कोण येतं, हे कळायला मात्र बाबा जावे लागले.

ते २०२१ मध्ये गेले. शनिवार पेठेतला आमचा वाडा तोवर फक्त म्हणायला वाडा उरला होता. ओसरी एका अंगाला कललेली, पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक बांधकामाची नोटीस दरवर्षी न चुकता दारावर. मागच्या चौकात चार भाडेकरू. १९४७ च्या कायद्यानं गोठलेलं त्यांचं भाडं १९९९ च्या कायद्यानं वर्षाला चार टक्क्यांनी वितळायला लागलं खरं, पण चौघांचं मिळून आज दोन माणसांची मिसळ येत नाही. दोन वर्षं आम्ही नुसतीच चर्चा केली. मग एक बिल्डर आला, त्यानं चहा घेतला, आढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “टायटल क्लिअर करून द्या, बाकी माझ्यावर सोडा.”

“त्यात काय,” दादा म्हणाला. “आई, तू, मी. आत्यांच्या सह्या घेऊ की झालं.”

आत्यांच्या सह्या म्हणजे हक्कसोडपत्र. आमच्यासारख्या घरांत हा शब्द कुणी उच्चारत नाही, ‘सही’ म्हणतात. बहीण माहेरी येते, जेवते, रजिस्ट्रारकडे जाऊन अंगठा टेकवते, साडी घेऊन परत जाते आणि भाऊबीजेला पुन्हा येते. मुद्रांक शुल्कही नाममात्र. सरकारनंच जणू सोय करून ठेवलीय.

मी कर्जविभागात सव्वीस वर्षं काढली. लोकांची टायटलं तपासून ‘पूर्तता करावी’ असे शेरे मारण्यात हयात गेली, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. वकीलबाईंनी पहिल्या भेटीत एक कोरा कागद पुढे केला आणि वंशावळ काढायला सांगितली. मी पटापट लिहिली. पणजोबा, त्यांच्याखाली आजोबा, त्यांच्याखाली बाबा, त्यांच्याखाली दादा आणि मी. त्यांनी कागद फिरवून घेतला, चष्मा वर केला.

“तुमच्याकडे तीन पिढ्या बायकांशिवाय झाल्या का?”

मी ओशाळून बाबांच्या शेजारी तीन रेघा मारल्या आणि लिहिलं: ताई, माई, बेबी.

“ही हाका मारायची नावं. खरी लिहा.”

इथे मी अडकले. ताईआत्या लग्नानंतर शालिनी झाली हे माहीत होतं, आधी कोण होती ते नाही. माईआत्याचं नाव तिच्या सासरच्यांनी बदललं नाही, म्हणून ते तेवढं आलं. आणि बेबीआत्या? तिच्या कोथरूडच्या घरी मी कॉलेजात असताना रोज दुपारी जेवायला जायचे. दारावरच्या पाटीवर काकांचं नाव. पन्नास वर्षांत तिला नाव असेल असा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

वकीलबाईंनी कायदा सांगितला तो असा. वाडा पणजोबांचा, म्हणून आमच्यापुरता वडिलोपार्जित. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या वाट्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगा जन्मानंच हिस्सेदार, तशी मुलगी नाही. शिवाय त्यात कलम २३ होतं: राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येणार नाही, भाऊ वाटणीला बसतील तेव्हा तिचं बघू. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना हिस्सेदार केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ ला ती अट काढली, कलम २३ ही काढलं. मग वडील त्या दिवशी हयात असायला हवेत की नकोत, यावर पंधरा वर्षं कोर्टात रस्सीखेच चालली. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गरज नाही, हक्क जन्मानं आहे.

“म्हणजे बाबांच्या बरोबरीनं तिघी. चार सारखे वाटे. ताईआत्यांचा त्यांच्या मुलांना, तुमच्या वडिलांचा तुम्हा तिघांना,” त्या म्हणाल्या.

माझं लग्न डिसेंबर १९९३ चं. सहा महिने थांबले असते तर मी तेव्हाच हिस्सेदार झाले असते, नाही थांबले म्हणून पुढची अकरा वर्षं नव्हते. या काळात मला स्वतःत काही फरक जाणवला नाही, हे नमूद करून ठेवते.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. तो वाईट नाही. आत्यांचे दवाखाने, औषधं त्यानंच बघितलीत. “कायदा काही म्हणू दे,” तो म्हणाला, “आत्या सही करतीलच ना?” माईआत्यानं सांगलीहून फोनवरच सांगितलं, कागद पाठव, करते. ताईआत्याच्या मुलांनी ‘बघू’ म्हटलं, जे रास्त होतं. राहिली बेबीआत्या. तिच्याकडे मी समक्ष गेले. ती शेंगा निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

“सोडते की. पण सोडायला आधी हातात असायला हवं ना? आधी नाव लावा. मग सोडीन.”

मी म्हटलं, एकाच फटक्यात दोन्ही होतं गं, कशाला दोनदा खेटे? ती शेंगा निवडत राहिली. सत्याहत्तरीच्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिच्याकडे वेळ भरपूर असतो.

तर नाव. तिचं माहेरचं नाव सिंधू. हे तिनंच सांगितलं आणि सांगून लाजली. १९६८ मध्ये लग्नात सासूबाईंनी वसुधा ठेवलं, कारण सासरी एक सिंधू आधीच होती, मोठी जाऊ. आता आधार कार्ड, पॅन, बँक, सगळीकडे वसुधा, मधे नवऱ्याचं नाव, पुढे सासरचं आडनाव. तिच्या नावातला एकही शब्द आमच्या घरचा नाही. आणि मला शपथेवर सिद्ध करायचं होतं की ही बाई आमच्या घरची आहे. आजच्या सुना राजपत्रात जाहिरात देतात, पण १९६८ मध्ये राजपत्र म्हणजे तांदळाचं ताट.

माझी चूक इथेच झाली. मी प्रतिज्ञापत्रात तिला ‘वसुधा’ लिहून पुढे आमचं आडनाव जोडलं. अशी बाई जगात कधीच नव्हती. नोटरी झालेलं, वंशावळीसकट टाइप केलेलं सगळं परत करावं लागलं. बँकेत अशा कागदावर मी लाल शेरा मारला असता.

मग पुरावे. ती हुजूरपागेची विद्यार्थिनी. १८८४ पासूनची शाळा, तिथल्या जनरल रजिस्टरात तिची नोंद सापडली: सिंधू, वडिलांचं नाव, जन्मतारीख, दाखल दिनांक. दाखल्याची दुय्यम प्रत मिळाली. दुसऱ्या टोकाला आधार कार्डावरची वसुधा. मधला पूल कुठला? तो तिनं स्वतः ट्रंकेतून काढून दिला: लग्नपत्रिका. पिवळी पडलेली, कोपऱ्याला हळदीकुंकू, ‘चि. सौ. कां. सिंधू’ आणि शेजारी काकांचं पूर्ण नाव. पत्रिकेच्या आत एक काळापांढरा फोटो होता. चांदीचं ताट, त्यात पसरलेले तांदूळ आणि अंगठीनं कोरलेली तीन अक्षरं. ‘व’चा गोल जरा विस्कटलेला, ‘धा’च्या कान्यात एक तांदूळ आडवा पडलेला. ताटाच्या कडेवर काकांचा अंगठा तेवढा आलाय.

“हा जोडायचा?” मी वकीलबाईंना विचारलं.

“सरकारी यादीत बसत नाही. पण जोडा. नाही म्हणाले तर काढू.”

कुणी नाही म्हणालं नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत दाखला, पत्रिका, आधार आणि तांदळाचा फोटो, असा तो संच झाला. (माझ्या लग्नात सासूबाईंनी ताट पुढे केलं तेव्हा मी माझंच नाव परत लिहायला सांगितलं होतं. ते बंड नव्हतं, पगाराचं खातं त्या नावावर होतं.)

ताईआत्याचं प्रकरण अवघड जाईल असं वाटलं होतं. तिचे माहेरचे कागद १२ जुलै १९६१ ला गेले. पानशेत फुटलं तेव्हा आमच्या वाड्यात पाणी माडीच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं आणि खालच्या फडताळातलं सगळं, दाखले, जन्मटिपणं, आजीची पापडांची डबी, नदीनं नेलं. पण ताईआत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिच्या सेवापुस्तिकेत नावबदलाची नोंद होती, दोन्ही नावांसकट. नोकरी केलेल्या बाईचे कागद सापडतात. बाकीच्यांचे ट्रंकेत शोधावे लागतात.

आता आम्ही सुटलो असं वाटत असतानाच वकीलबाईंचा फोन आला. “मिळकत पत्रिकेचा जुना उतारा बघितलात का? ‘इतर भार’चा रकाना?”

बघितला नव्हता. लोकांचे मात्र सव्वीस वर्षं बघितले होते. तिथे एक ओळ होती: पणजोबांच्या मयत धाकट्या भावाचं नाव आणि पुढे ‘यांची विधवा हिला हयातीपावेतो राहण्याचा हक्क’. तिचं नाव नाही.

त्या भाराचा मूळ कागद माडीवरच्या पेटीत होता, म्हणून पुरातून वाचला. मोडी लिपीत. मोडी शाळांतून जाऊन सत्तरेक वर्षं झाली. घरात तो कागद वाचू शकणारे शेवटचे आजोबा. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, तिथून शिकलेल्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे गेले तर ते म्हणाले, दीड महिना थांबा. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. दोनशे वर्षांच्या कागदांच्या रुमालांत लोक आपली जात शोधत होते, माझ्या एका कागदाची काय मातब्बरी.

दीड महिन्यानं त्यांनी तो कागद खिडकीशी धरला. मोडीत आधी ओळीची रेघ ओढतात, मग बोरूनं अक्षरं त्या रेघेला टांगत जातात, हात न उचलता. दोन शब्दांत फट नाही. गृहस्थ पेन्सिलीची बोथट बाजू रेघेखालून सरकवत, पुटपुटत वाचत होते. “मयत बंधू... याचे कुटुंब... इजला... माजघरामागील खोली... व अन्नवस्त्राबद्दल सालीना रुपये साठ...”

“कुटुंब म्हणजे?” 

“बायको. तेव्हा बायकोला कुटुंबच म्हणायचे.”

“आणि नाव?”

त्यांनी दोन्ही पानं पुन्हा वाचली. नाव नव्हतं. कागद १९१४ चा. धाकटे पणजोबा प्लेगच्या एका साथीत गेलेले. मागे ही, बहुधा विशीच्या आतली. वर्षाला साठ रुपये, राहायला एक खोली.

वकीलबाईंना तिचं नाव नको होतं, मरणाची तारीख हवी होती. १९३७ चा कायदा विधवेला नवऱ्याच्या जागी हिस्सा देणारा, पण ज्यांचे नवरे त्यानंतर वारले त्यांच्यापुरता. ती त्यात बसत नव्हती. १९५६ च्या कायद्याचं कलम १४ वेगळं. बाईच्या ताब्यातली मिळकत, पोटगीपोटी मिळालेली का असेना, तिच्या पूर्ण मालकीची. “१७ जून १९५६ ला त्या हयात असतील तर ती खोली त्यांची झाली असा वाद उभा राहू शकतो. मग वारस त्यांचे. म्हणजे तुमची नागपूरची चुलत पाती आली.”

मी बेबीआत्याला विचारलं. तिचा जन्म १९४७ चा. “काकू? आठवते की. लाल आलवण. डोक्यावरून हात फिरवला की मला गुदगुल्या व्हायच्या, कारण केस नव्हते. राजगिऱ्याचा लाडू द्यायची पण पदराआडून, सोवळ्यात शिवायचं नाही म्हणून टाकायची हातावर.” कधी गेली? “मी शाळेत होते बहुतेक. किंवा नव्हते.” नाव? “काकू.”

या बाईनं चाळीस वर्षं त्या खोलीत काढली. कर्व्यांचा विधवाश्रम हिंगण्याला, आमच्या वाड्यापासून दोन कोसांवर. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, तिच्या जन्माच्याही आधीचा. शहर तेच, पेठा त्याच, आणि हे सगळं तिच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबलं.

तारीख शेवटी नाशिकला मिळाली. आईला आठवलं की आजोबा घरातल्या सगळ्यांच्या अस्थी नाशिकला नेत आणि तिथल्या उपाध्यायांच्या वहीत लिहून येत. मी आणि ताईआत्याचा मुलगा गेलो. रामकुंडाजवळच्या त्या घरात आडनाव आणि कोकणातलं मूळ गाव सांगितलं, त्यांनी फळीवरून लांबोडक्या वह्यांचा गठ्ठा खाली घेतला आणि वीस मिनिटांत पान काढून दिलं. बँकेत आम्हाला मागच्या वर्षीचं व्हाउचर शोधायला दोन दिवस लागत. आजोबांचं अक्षर, बाळबोध, सही तेवढी मोडी: ‘शके १८७५ कार्तिक वद्यात आमची काकी भागीरथीबाई इच्या अस्थी घेऊन आलो.’

भागीरथी. शके १८७५ चा कार्तिक म्हणजे नोव्हेंबर १९५३. नाव आणि महिना हाती आल्यावर पुण्यात महापालिकेच्या मृत्यू नोंदीत ती सापडली. वय अंदाजे ५८.

मी उतारा वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तारीख बघितली, बोटांवर मोजलं आणि मोकळं हसल्या.

“सुटलात. अडीच वर्षांनी सुटलात.”

मीही हसले. फाइल उचलली, बाहेर टिळक रोडला आले, आणि सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी स्कूटरपाशी उभी राहिले. दादाला फोन करून सांगितलं, काकूचं मिटलं. तो म्हणाला, “बरं झालं.” मग जरा थांबून म्हणाला, “नाव काय म्हणालीस?”

पुढचं मग रांगेनं झालं. वारस नोंदीचा अर्ज, भार कमी करण्याचा अर्ज, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, जबाब. नागपूरकरांनी हरकत घेतली नाही, उलट एकानं भागीरथीबाईंची माहिती व्हॉट्सअॅपवर मागवून घेतली. नवी मिळकत पत्रिका दिवाळीच्या आधी आठवड्यात आली. ‘ए.कु.मॅ.’ गेलं होतं. एका नावाच्या जागी आता आठ नावं, त्यातली पाच बायकांची, रकान्यात मावेनात म्हणून छपाई बारीक.

पत्रिका घेऊन मी कोथरूडला गेले. बेबीआत्यानं भिंग काढलं. बोट ठेवून वरून खाली एकेक नाव वाचलं, माईआत्याचं, ताईआत्याच्या मुलांची, आणि मग थांबली. ‘वसुधा’, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, आणि पुढे ‘ऊर्फ सिंधू’, वडिलांचं नाव, आमचं आडनाव. ओळ संपेपर्यंत चांगली दीड ओळ झाली होती.

“आणि काकूचं?”

‘इतर भार’च्या रकान्यात जुन्या नोंदीला कंस पडला होता. शेजारी फेरफार क्रमांक आणि कारण: ‘भागीरथीबाई या १९५३ मध्ये मयत, सबब भार कमी केला.’ मी तिथे बोट ठेवून दाखवलं. तिनं ते भिंगातून दोनदा वाचलं.

हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्या पिशवीत होता. तो काढून मी टीपॉयवर ठेवला, पेनही ठेवलं. तिनं मसुद्यावर चकलीचा डबा ठेवला आणि उघडून माझ्यापुढे केला.

“नाव लागून आठ दिवस नाही झाले. दिवाळी होऊ दे. आणि याच्या दोन झेरॉक्स काढून आण, एक माझ्या मुलीला हवी.”